नॉन-स्ट्रायकरचा वाटा

आजचं वाचन : १ शमुवेल ३०:९-१०, २१-२५



शास्त्रभाग अजून वाचला नसेल तर आधी तो वाचा आणि मग इकडे या. फार तर पाच मिनिटं लागतील.

गोष्ट थोडक्यात अशी. अमालेकी लोकांनी सिकलाग जाळून टाकलंय, बायकामुलांना धरून नेलंय. दावीद ६०० माणसं घेऊन त्यांच्या मागे निघतो. बसोर ओहोळापाशी पोहोचेपर्यंत २०० जण इतके थकतात की त्यांच्याने पुढे जाववत नाही. ते सामानाजवळ थांबतात. बाकीचे ४०० पुढे जातात, लढतात, जिंकतात, सगळ्यांना सोडवून आणतात. परत आल्यावर त्यांच्यातले काही जण म्हणतात की जे आलेच नाहीत त्यांना लूट कशाला द्यायची? बायकामुलं घ्या आणि चालू लागा. दावीद ते ऐकत नाही. लढायला गेलेल्याचा जेवढा वाटा तेवढाच सामानाजवळ थांबलेल्याचा, असा तो नियम घालून देतो, आणि इस्राएलात तो नियम पुढेही राहतो.

हा भाग मी आधी बऱ्याचदा वाचला होता. आवडायचाही. पण आवडायचा तो ४०० मधला एक म्हणून. २०० मधला म्हणून मी तो कधी वाचलाच नव्हता. गेल्या वर्षी तशी वेळ आली.

गेल्या वर्षी मी चार महिने बेंचवर होतो. आयटीतल्या लोकांना वेगळं सांगायला नको. बाकीच्यांसाठी सांगतो, प्रोजेक्ट संपलं, पुढचं मिळालं नाही, कंपनीत आहात पण काम नाही. रोज लॅपटॉप उघडायचा, ट्रेनिंगचे व्हिडिओ बघायचे आणि एचआरचा मेल येतोय का याची धास्ती घ्यायची. बायको बँकेत आहे. त्या चार महिन्यांत फ्लॅटच्या हप्त्याचं टेन्शन, मुलीची शाळा, माझ्या आईची औषधं, सगळं तिनेच सांभाळलं. आणि मी काय केलं? युथच्या बायबल स्टडीला जाणं बंद केलं. कारण तिथे मी शिकवायचो, आणि बेंचवरचा माणूस विश्वासाबद्दल काय शिकवणार, असं मला वाटायचं.

एकच गोष्ट चालू होती, शनिवारी सकाळचं क्रिकेट. आमच्या मंडळीतली काही मुलं, काही त्यांचे ऑफिसातले मित्र, सहा वाजता टर्फवर. अशाच एका मॅचमध्ये शेवटच्या ओव्हरला नऊ रन हव्या होत्या. मी दहाव्या नंबरवर जाऊन नॉन-स्ट्रायकरला उभा राहिलो. समोरच्या पोराने एक चौका मारला, मग चार बॉल नुसती बॅट फिरवली आणि शेवटच्या बॉलवर त्रिफळा उडवून घेतला. चार बॉल मी ओरडत होतो, एक रन काढ, मला स्ट्राइक दे. त्याने ऐकलं नाही. मॅच गेली. मी पॅड्स काढून फेकले आणि कोणाशी न बोलता घरी आलो. बायकोने विचारलं काय झालं, तर तिच्यावरच चिडलो.

त्या रात्री मला कळलं की राग त्या पोराचा नव्हताच. मला खेळायलाच मिळत नाहीये, याचा होता. आणि त्याच आठवड्यात मी चार्ल्स टी. स्टड यांचं चरित्र पुन्हा काढलं.

एकही बॉल न खेळलेला बॅट्समन

सी. टी. स्टड हे नाव मिशनरी चरित्रं वाचणाऱ्यांना माहीत असतं. क्रिकेटच्या इतिहासाची आवड असलेल्यांनाही माहीत असतं. दोन्ही माणसं एकच आहेत हे मात्र फार कमी जणांच्या लक्षात येतं.

त्यांचा जन्म इंग्लंडमध्ये १८६० साली झाला. घर पैशावाल्याचं, आणि तो पैसा आपल्याकडून गेलेला. वडील एडवर्ड स्टड यांनी बिहारमधल्या तिरहुत भागात नीळ पिकवून संपत्ती कमावली होती. त्या भागातल्या निळीच्या शेतकऱ्यांचे हाल आपण चंपारणच्या धड्यात शाळेतच वाचलेत. इंग्लंडला परतल्यावर वडिलांनी मोठा वाडा घेतला आणि घोड्यांचा नाद केला. त्यांच्या सॅलामँडर नावाच्या घोड्याने १८६६ ची ग्रँड नॅशनल शर्यत जिंकली होती. मग १८७५ च्या सुमारास डी. एल. मूडी यांची लंडनमधली सभा ऐकून हा माणूस बदलला. घोडे गेले, आणि शर्यतींच्या गप्पांच्या जागी वाड्यात सुवार्तेच्या सभा होऊ लागल्या. पुढे दोनच वर्षांत ते वारले. त्यांच्या तीन मोठ्या मुलांनी, म्हणजे किनॅस्टन, जॉर्ज आणि चार्ल्स यांनी, थोड्याच काळात प्रभूचा स्वीकार केला.

पण चार्ल्सचा विश्वास पुढची सहा वर्षं घरातल्या घरातच राहिला. बाहेर होतं ते क्रिकेट. ईटन शाळेत क्रिकेट, केंब्रिजला क्रिकेट. तिन्ही भाऊ एकामागून एक, १८८२, १८८३ आणि १८८४ साली, केंब्रिज विद्यापीठाचे कॅप्टन झाले. चार्ल्स तिघांत सगळ्यात चांगला. १८८२ साली ऑस्ट्रेलियाची टीम आली तेव्हा त्याने केंब्रिजकडून तिच्याविरुद्ध शतक ठोकलं आणि नंतर लॉर्ड्सवर एमसीसीकडून दुसरं. तेव्हा त्याचं वय होतं २१. आजच्या भाषेत सांगायचं तर पुढचा सुपरस्टार.

मग आली ऑगस्ट १८८२ ची ओव्हलची टेस्ट. इंग्लंडला जिंकायला फक्त ८५ रन हव्या होत्या. डब्ल्यू. जी. ग्रेस यांनी ३२ काढल्या आणि मॅच खिशात असल्यासारखी वाटली. पण स्पॉफर्थ नावाच्या फास्ट बॉलरने धुमाकूळ घातला. दोन्ही डावांत मिळून त्याने १४ विकेट काढल्या. इंग्लंडच्या कॅप्टनने बॅटिंगचा क्रम बदलत बदलत, ऑस्ट्रेलियाविरुद्ध दोन शतकं केलेल्या स्टडला दहाव्या नंबरवर ढकललं. तो मैदानात उतरला तेव्हा आठ गेले होते. लगेच नववा गेला. दहा रन हव्यात आणि शेवटचा बॅट्समन पीट आत आलाय. स्टड नॉन-स्ट्रायकरला. पीटने दोन रन काढल्या आणि मग जोरात बॅट फिरवून बोल्ड झाला. इंग्लंड सात रननी हरलं. पीटला नंतर विचारलं तेव्हा त्याने स्टडवर आपला भरवसा नव्हता असं सांगितलं, अशी कथा आजही सांगितली जाते.

स्कोअरबुकात स्टडच्या नावापुढे शून्य नाबाद. त्या डावात त्याने एकही बॉल खेळला नाही. मॅच हातातून जाताना त्याने २२ यार्डांवरून ती नुसती बघितली.

याच मॅचनंतर एका इंग्रजी पेपरने इंग्लंडच्या क्रिकेटची थट्टेने मृत्युवार्ता छापली आणि राख ऑस्ट्रेलियाला नेली जाईल असं म्हटलं. ॲशेस हे नाव तिथून आलं. पुढच्या हिवाळ्यात आयव्हो ब्लाय यांच्या टीमबरोबर चार्ल्स आणि जॉर्ज दोघेही ऑस्ट्रेलियाला गेले. आज लॉर्ड्सच्या संग्रहालयात जो छोटासा ॲशेसचा कलश आहे, त्यावर चिकटवलेल्या कवितेत स्टड भावांचं नाव आहे. चार्ल्स एकूण पाच टेस्ट खेळला, १६० रन, तीन विकेट. आकडे साधेच आहेत. पण तेव्हाच्या इंग्लंडमध्ये त्याला ओळखत नाही असा क्रिकेटवेडा सापडला नसता.

भावाच्या उशाशी

ऑस्ट्रेलियाहून परत आल्यावर, १८८३ च्या शेवटी, जॉर्ज खूप आजारी पडला. वाचेल की नाही सांगता येत नव्हतं. चार्ल्स त्याच्या उशाशी बसून होता. मैदानावर त्याच्यासाठी टाळ्या वाजवणारे हजारो लोक त्या खोलीत नव्हते, आणि जॉर्जला त्या टाळ्यांचा काही उपयोगही नव्हता. माणूस मरायला टेकला की त्याच्याकडे उरतं काय, हा प्रश्न चार्ल्सला तिथे पडला. जॉर्ज बरा झाला. चार्ल्स मात्र पुन्हा पहिल्यासारखा झाला नाही. तो मूडी यांच्या सभेला गेला, टीममधल्या मित्रांना तिथे घेऊन जाऊ लागला, आणि वर्षभरात चीनला जायचं त्याने ठरवलं.

घरच्यांनी खूप अडवलं. तरी फेब्रुवारी १८८५ मध्ये तो निघाला. सोबत आणखी सहा जण, त्यातले बहुतेक केंब्रिजचे. यांनाच पुढे केंब्रिजचे सात म्हणू लागले. हडसन टेलर यांच्या चायना इनलँड मिशनतर्फे ते गेले. चिनी कपडे घातले, चिनी लोकांसारखी वेणी ठेवली, भाषा शिकले. क्रिकेट सुटलं तेव्हा चार्ल्स २४ वर्षांचा होता. त्या वयात आपल्यातले बरेच जण पहिल्या अप्रेझलची वाट बघत असतात.

चीनमध्ये असताना २५ वर्षं पूर्ण झाली आणि वडिलांच्या इस्टेटीतला वाटा त्याच्या नावावर आला. सुमारे २९,००० पौंड. तेव्हाच्या मानाने माणसाने आयुष्यभर आरामात बसून खावं एवढी रक्कम. १८८७ च्या जानेवारीत त्याने चेक लिहायला घेतले. ५,००० मूडी यांना, ५,००० ब्रिस्टलला अनाथ मुलांना सांभाळणाऱ्या जॉर्ज म्युलर यांना, ५,००० लंडनच्या गरीब वस्तीतल्या सेवेला, आणि ५,००० भारतातल्या साल्व्हेशन आर्मीच्या कामाला. हे शेवटचे ५,००० मला नेहमी थांबवतात. साल्व्हेशन आर्मीचं भारतातलं काम फ्रेडरिक टकर यांनी मुंबईत सुरू केलं, सप्टेंबर १८८२ मध्ये, म्हणजे ओव्हलच्या त्या मॅचनंतर तीनच आठवड्यांनी. तिकडे स्टड नॉन-स्ट्रायकरला उभं राहून हरत होता आणि इकडे मुंबईत उतरायला ती माणसं बोटीवर होती. दोघांना एकमेकांचा पत्ता नव्हता. बिहारच्या निळीतून गेलेला थोडा पैसा असा पाच वर्षांनी भारतात परत आला.

वाटून झाल्यावर ३,४०० पौंड उरले. ते त्याने लग्नाआधी होणाऱ्या बायकोला देऊ केले. ती होती प्रिसिला स्टुअर्ट, आयर्लंडची, चीनमध्येच सेवा करणारी. तिने त्याला विचारलं की प्रभूने त्या श्रीमंत तरुणाला किती द्यायला सांगितलं होतं? सगळं, तो म्हणाला. मग तेही दिलं गेलं. १८८८ साली लग्न झालं तेव्हा दोघांकडे साठवलेलं काहीच नव्हतं.

ही गोष्ट ऐकवताना आपण नेहमी चार्ल्सचं नाव घेतो. शेवटचे ३,४०० द्यायला लावणारी प्रिसिला मात्र गोष्टीत एका ओळीपुरती येते.

दुसऱ्या टोकाला कोण होतं?

चीनच्या आतल्या भागात दोघांनी अफूच्या व्यसनात अडकलेल्या माणसांसाठी आसरा चालवला. शेकडो लोक तिथे राहून गेले. चार मुली झाल्या. १८९४ साली दोघेही तब्येत खचून इंग्लंडला परतले. पुढे १९०० ते १९०६ चार्ल्स आपल्या उटीमध्ये होते, तिथल्या युनियन चर्चचे पाळक म्हणून. दम्याने रात्र रात्र झोप लागत नसे.

मग आलं आफ्रिका. १९१० साली, पन्नाशीत, आजारी शरीर घेऊन ते निघाले. डॉक्टर नको म्हणाले. पैसे द्यायला तयार झालेल्या समितीने डॉक्टरांचं ऐकून हात आखडता घेतला. तरी ते गेले, सुदानपर्यंत पाहणी करून आले, आणि १९१३ साली आल्फ्रेड बक्स्टन या विशीतल्या तरुणाला घेऊन बेल्जियन काँगोत शिरले. आजही चालू असलेल्या एका जागतिक मिशनची ही सुरुवात होती.

आणि प्रिसिला? तिला हृदयविकार होता. ती लंडनला राहिली. नवरा मधे एकदा परत आला आणि १९१६ साली पुन्हा काँगोला गेला, तो कायमचाच. त्यानंतर दोघांची भेट झाली ती १९२८ साली, फक्त दोन आठवडे. मधली बारा वर्षं प्रिसिलाने घरातूनच मिशनचं ऑफिस चालवलं. पत्रं लिहिली, पत्रकं काढली, नव्या मिशनऱ्यांना तयार करून पाठवलं, पैसा उभा केला. पुढे तब्येत सुधारली तशी देशोदेशी फिरून सभा घेतल्या. काँगोतल्या प्रत्येक नव्या झोपडीमागे, प्रत्येक बाप्तिस्म्यामागे लंडनच्या त्या टेबलावरचं काम होतं. १९२९ साली ती स्पेनमध्ये वारली, नवऱ्यापासून हजारो मैल दूर.

आता क्रिकेटचा एक साधा नियम आठवा. बॅट्समनने बॉल नुसता मारला म्हणून एक रन होत नाही. दोघांनी धावून एकमेकांना ओलांडावं लागतं आणि दोघांनाही समोरच्या क्रीजपर्यंत पोहोचावं लागतं. रन लिहिली जाते एकाच्या नावावर. धावलेले असतात दोघं, आणि अंतर दोघांचंही तेवढंच. रनआऊट कोणीही होऊ शकतो.

माझ्यासाठी १ शमुवेल ३० हाच आहे. स्कोअरबुक कोणाच्या नावावर रन लिहितं ते लिहू दे. देव दोघांचं धावणं मोजतो.

पाठीमागे गेलेला बॉल

स्टड यांची गोष्ट इथे थांबवली तर प्रवचनाला छान शोभते. बहुतेक वेळा इथेच थांबवतात. पण पुढचं सांगितलं नाही तर मी तुमच्याशी खरं बोललो असं होणार नाही.

शेवटच्या वर्षांत स्टड दिवसाचे अठरा-अठरा तास काम करत. नवा करार तिथल्या किंगवाना बोलीत त्यांनी भाषांतरित केला. आणि बाकीच्यांनीही तेवढंच झिजावं अशी त्यांची अपेक्षा असे. ज्यांना जमत नसे त्यांच्याबद्दल ते कठोर होते. कित्येक सहकारी दुखावून निघून गेले. बक्स्टन पुढे त्यांचा जावई झाला होता, त्याच्याशीही बिनसलं. त्यांच्या एका पत्रकातल्या भाषेने मिशनला पैसे देणारे लोकच बिथरले. दुखण्यांवर ते मॉर्फिन घेत आणि त्याची सवय लागली. ज्या माणसाने चीनमध्ये शेकडो लोकांना अफूतून सुटायला मदत केली, त्याच्याच बाबतीत हे घडलं. लंडनच्या समितीशी भांडण शेवटपर्यंत मिटलं नाही. आपणच उभ्या केलेल्या मिशनमधून त्यांना काढून टाकण्यापर्यंत गोष्ट गेली. जुलै १९३१ मध्ये इबांबी इथे ते वारले तेव्हा त्यांच्या कबरीपाशी शेकडो आफ्रिकन विश्वासणारे होते. त्यांचं त्यांच्यावरचं प्रेम खरं होतं. सहकाऱ्यांच्या मनातल्या जखमाही खऱ्या होत्या.

हे वाचून मी दोन दिवस अस्वस्थ होतो. मग पुन्हा क्रिकेटच आठवलं.

रन काढायची की नाही हे कोण ठरवतं? बॉल समोर गेला तर स्ट्रायकर ठरवतो. पण बॉल पाठीमागे गेला तर हाक नॉन-स्ट्रायकरची. कारण स्ट्रायकरला मागचं दिसत नाही. तिथे मान वळवून बघत बसला तर तो हमखास रनआऊट होतो. त्याने समोरच्या जोडीदाराच्या हाकेवर विश्वास ठेवून पळायचं असतं, किंवा थांबायचं असतं.

स्टड यांना समोरचा बॉल फार लांबपर्यंत दिसायचा. इतरांना दिसायच्या आधी दिसायचा. पण पाठीमागे गेलेल्या बॉलवर त्यांनी कोणाची हाक ऐकल्याचं फारसं दिसत नाही. तुमची भाषा लोकांना तोडतेय, तुमचं शरीर मोडलंय, हे औषध तुम्हाला धरून बसलंय, अशा हाका दुसऱ्या टोकाहून येत असणारच. एकदा नॉन-स्ट्रायकरला उभं राहून मॅच जाताना बघितलेल्या माणसाने पुढे आयुष्यभर स्ट्राइक सोडली नाही, असं मला वाटतं. हा माझा अंदाज आहे, इतिहास नाही. पण मी स्वतःवरून सांगतोय.

कोणी म्हणेल, १९१० साली डॉक्टरांचं ऐकलं असतं तर काँगोत काही झालंच नसतं. बरोबर आहे. प्रत्येक नकार देवाकडून येतो असं नाही. माझ्याकडे याचं सोपं सूत्र नाही. एवढंच कळतं की वाट कठीण आहे म्हणून कोणी थांब म्हणत असेल तर ते तपासून बघावं. पण तुझ्या पाठीमागे काय चाललंय ते मला दिसतंय असं आपलं माणूस म्हणत असेल, तर आधी थांबावं.

त्यांचे दोन भाऊही बघा. जॉर्ज अमेरिकेत लॉस एंजेलिसला गेले आणि तिथल्या एका साध्या मिशनमध्ये आयुष्य घालवलं. किनॅस्टन लंडनमध्येच राहिले, १९२८ मध्ये लंडनचे लॉर्ड मेयर झाले, १९३० मध्ये एमसीसीचे अध्यक्ष, आणि विश्वासातही टिकून राहिले. चीनला गेला तोच खरा शिष्य आणि लंडनला राहिला तो दुय्यम, असं आपण पटकन ठरवतो. दावीद तसं ठरवू देत नाही.

माझ्या बेंचचं काय झालं?

चार महिन्यांनी प्रोजेक्ट मिळालं. पण साक्ष ती नाही. प्रोजेक्ट नसतं मिळालं तरी ही पोस्ट मी लिहिली असती, अशी आशा आहे.

साक्ष ही आहे की त्या चार महिन्यांच्या मधेच एका रविवारी उपासनेहून येताना मी बायकोला सॉरी म्हटलं. चिडचिडीबद्दल तर म्हटलंच, आणि आधीच्या सात वर्षांबद्दलही. कारण माझ्या लक्षात आलं की सात वर्षं मी स्ट्राइकवर होतो आणि ती समोरून धावत होती. मी बायबल स्टडी घ्यायचो तेव्हा मुलीला सांभाळायची ती. आलेल्या वीस मुलांचा चहा करायची ती. मंडळीत लोक म्हणायचे की हा पोरगा किती सेवा करतो, आणि मी मान डोलवायचो. आता चार महिने ती स्ट्राइकवर होती आणि मला समोर नुसतं उभंही राहता येत नव्हतं.

ती काही मोठं बोलली नाही. म्हणाली, मग उद्यापासून आईंना डॉक्टरकडे तू घेऊन जा, आणि शुक्रवारची बायबल स्टडी परत चालू कर, मुलं मला विचारतात. पाठीमागच्या बॉलवरची हाक म्हणजे हीच. मी पळालो.

आणि नॉन-स्ट्रायकरला उभं राहणं म्हणजे खांब होऊन उभं राहणं नाही, हेही तेव्हा कळलं. चांगला नॉन-स्ट्रायकर बॉल सुटला की दोन पावलं पुढे सरकतो, डोळे उघडे ठेवतो, हाक द्यायला तयार असतो. मात्र बॉल सुटायच्या आधी क्रीज सोडत नाही. आधी सोडली तर काय होतं ते विनू मंकड यांनी १९४७ साली सिडनीला बिल ब्राऊनला दाखवून दिलंय! तुम्ही आज बेंचवर असाल, नोकरी शोधत असाल, घरी आजारी माणसाजवळ बसून असाल, किंवा मित्र परदेशी गेले आणि तुम्ही इथेच राहिलात असं असेल, तर एवढं लक्षात ठेवा. तुम्ही मॅचच्या बाहेर नाही आहात. तुम्ही २२ यार्डांच्या दुसऱ्या टोकाला आहात.

आणि आज तुम्ही स्ट्राइकवर असाल, सगळं नीट बसतंय, लोक कौतुक करतायत, तर जरा समोर बघा. कोण धावतंय तुमच्या रनसाठी?

आज करण्यासारखं

१. तुमच्यासाठी सामानाजवळ थांबलेल्या एका माणसाचं नाव वहीत लिहा. आजच त्याला किंवा तिला फोन करून आभार माना. मेसेज नको, फोन.

२. तुमच्या पाठीमागचं ज्याला दिसतं अशा एका माणसाला विचारा की माझ्यात असं काय चाललंय जे मला दिसत नाही? उत्तर आल्यावर वाद घालू नका. निदान एक दिवस तरी.

प्रार्थना

प्रभू येशू, तू सगळ्यांची नजर असलेल्या जागी होतास आणि तीस वर्षं कोणाची नजर नसलेल्या नासरेथातही होतास. मला जिथे उभं केलं आहेस तिथे उभं राहायला शिकव. स्ट्राइक असेल तेव्हा गर्व नको, नसेल तेव्हा कडवटपणा नको. माझ्या पाठीमागे गेलेलं ज्यांना दिसतं त्यांची हाक ऐकायला मला नम्र कर. आणि माझ्यासाठी जे धावतायत त्यांना तू विसरत नाहीस, तसं मलाही विसरू देऊ नकोस. तुझ्याच नावाने मागतो, आमेन.

उद्याचं वाचन : १ शमुवेल ३१. शौलाचा शेवट. जड अध्याय आहे, पण सोबत वाचू.